फाँद्यूचं तीर्थ

मी नऊ दिवस युरोपात होतो आणि त्या नऊ दिवसांत मी एकही युरोपियन पदार्थ खाल्ला नाही.

हे मी आज पहिल्यांदाच उघडपणे लिहितो आहे. (सुलभाला माहीत आहे, पण ती बायको आहे, तिला सगळंच माहीत असतं.) आमची टूर ‘घरगुती मराठी जेवणासह’ होती. कंपनीने दोन आचारी बरोबर दिले होते आणि ते आमच्या आधी पोचून पातेली चढवून ठेवायचे. पॅरिसला तो प्रसिद्ध मनोरा बघत आम्ही बटाट्याची भाजी-पुरी खाल्ली. व्हेनिसला मसालेभात. स्वित्झर्लंडमध्ये केबल कारने बर्फाच्या डोंगरावर नेलं. चहूकडे पांढरंशुभ्र, खाली ढग, आणि हातात काय, तर पिठलं-भाताची ताटली! वर हिरव्या मिरचीचा ठेचा! मी इतका खूश झालो, की तिथूनच पुण्याला सासूबाईंना, म्हणजे माईंना, फोन लावला आणि ओरडून ओरडून सांगितलं. (हा फोन लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.)

तेव्हा मला ह्यात काही कमी वाटलं नाही. पोट भरलेलं होतं आणि सुलभाला नऊ दिवस ओट्यापाशी उभं राहावं लागलं नव्हतं. कमी वाटायला लागलं ते अविनाश युरोपला जाऊन आल्यावर.

अविनाश म्हणजे माझा साडू. सुलभाच्या धाकट्या बहिणीचा, सुनीताचा नवरा. आम्ही कोथरूडला, ते बाणेरला. मी स्कूटर घेतली त्या वर्षी ह्याने मोटार घेतली. मला मधुमेह निघाला म्हणून सोबतीला त्यानेही रक्त तपासून घेतलं, तर डॉक्टर त्याला म्हणाले की असा रिपोर्ट फ्रेम करून लावायला हवा. असा माणूस एकवीस दिवस युरोपात राहून आला. कंपनी नाही, आचारी नाही, स्वतःच्या मनाने, मोबाइलवर नकाशे बघत!

आल्यावर त्याने ‘आठवणी जाग्या करणं’ सुरू केलं. दर रविवारी पुण्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून तिकडचा एखादा पदार्थ शोधून आणायचा आणि तो खायला (खरं म्हणजे त्याला खाताना बघायला) आम्हाला बोलवायचं. एकदा असा पाव आणला, की तो कापताना सुनीताला सुरीवर दोन्ही हातांनी रेलावं लागलं. एकदा असं चीज, की तो वास आमच्या घरात आला असता तर सुलभाने मोरी धुवायला काढली असती. अविनाश एक तुकडा तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचा. आपण समोर बसलेलो, आणि हा डोळे मिटून चावतोय! मग एक सुस्कारा. “व्हिएन्ना...” मग डोळे उघडून, आपल्याकडे दयेने बघत, “पण आपल्याकडे ती चव नाही.”

एकदा सगळे मिळून खडकवासल्याला गेलो. मी भाजलेलं कणीस खात धरणाकडे बघत होतो, अगदी सुखात होतो. तेवढ्यात हा म्हणाला, “ल्युसर्नच्या तळ्याकाठी अस्संच वारं असतं शरदराव. फक्त तिथे हातात गरम चेस्टनट असतात.” माझं कणीस तिथल्या तिथे बेचव झालं.

सरळच सांगतो, मी जळत होतो. त्याच्या एकवीस दिवसांवर नव्हे, त्याच्या त्या मिटलेल्या डोळ्यांवर. मला डोळे मिटून आठवावं असं काही खायलाच मिळालं नव्हतं.

आणि एका रविवारी त्याने विचारलं, “काय शरदराव, तुम्ही त्या टूरमध्ये फाँद्यू खाल्लंत की नाही?”

“फाँड्यू? खाल्लं की!” मी म्हणालो. “दोनदा!”

सुलभाला ठसका लागला.

“‘ड्यू’ नाही हो, ‘द्यू’. ओठांचा चंबू करायचा. कसं वाटलं?”

“गरम,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये एका हॉटेलच्या काचेपलीकडे मी ते पाहिलं होतं. तिवईवर भांडं, खाली ज्योत, भांड्यात वितळलेलं चीज, आणि लोक लांब काट्याला पावाचे तुकडे टोचून त्यात बुडवत होते. भांड्यातून वाफ येत होती. मी बराच वेळ उभा होतो. टूर मॅनेजरने “काका, बस निघाली!” म्हणून हाक मारली तेव्हा काचेवर माझ्या नाकाचा डाग राहिला होता.

“मला त्याची अस्सल पद्धत पाठ आहे,” जीभ आता माझ्या ताब्यात नव्हती. “तिथल्या एका म्हाताऱ्याने शिकवली.”

“वा!” अविनाश म्हणाला. “मग पुढच्या रविवारी करा ना आमच्यासाठी.”

परतताना सुलभा स्कूटरवर मागे बसली होती. चांदणी चौकात म्हणाली, “म्हातारा कुठल्या भाषेत शिकवत होता?”

“सुलभा, आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे.”

“माझ्या हातात भाजीची पिशवी आहे. अब्रूचं तुमचं तुम्ही बघा.”

सोमवारपासून मी तयारीला लागलो. आरशासमोर चंबू करून ‘द्यू, द्यू’ म्हणून झालं. (माई सध्या आमच्याकडे राहायला होत्या. त्यांनी सुलभाला हळूच विचारलं, “शरदरावांचा दात दुखतोय का गं?”) मग कॅम्पातलं एक जुनं दुकान गाठलं. दुकानदार पेपर वाचत होते.

“फाँद्यूचं चीज आहे?” मी चंबू करून विचारलं.

“नाव सांगा.”

मी मोबाइल काढला. “ग्र... ग्रू... ग्रुये...”

“नाव पाठ करून या,” असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

मी बाहेर फुटपाथवर उभा राहून नाव पाठ केलं आणि परत आत गेलो. त्यांनी एक लहानसा तुकडा काढून समोर ठेवला. किंमत ऐकल्यावर मी तो आणखी लहान करायला सांगितला.

“माणसं किती?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“एवढ्यात पाच माणसं बघतील. खाणार कोण?”

उरलेली भर मी नेहमीच्या, मुलांच्या डब्यात देतात त्या चीजने घालायची ठरवली. पुढची अडचण वाइनची होती. पांढरी वाइन घातल्याशिवाय फाँद्यू होत नाही असं मोबाइल म्हणत होता आणि नेमका श्रावण चालू होता.

“घरात माई आहे,” सुलभा म्हणाली.

“अगं, उकळली की उडून जाते ती.”

“कुठे?”

“हवेत.”

“आणि आपण कुठे राहतो?”

बाटली आधीच आणलेली होती. माईंना काहीही सांगायचं नाही एवढ्यावर तह झाला. माईंना तसंही सगळं नीट कळलेलं नव्हतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा होता आणि ऐकूही जरा कमीच येत होतं. “रविवारी फोडणीचं काहीतरी आहे म्हणे,” असं त्या शेजारच्या काकूंना सांगत होत्या.

लांब काटे मिळाले नाहीत. शेवटी माईंच्या विणायच्या सुया उकळून घेतल्या. राहता राहिलं ते भांडं. कढई टेबलावर ठेवून अस्सल स्विस वातावरण झालं नसतं. रविवारी सकाळी सुलभा भाजीला गेलेली असताना मी माळ्यावर चढलो, आणि तिथे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ते सापडलं! तांब्याचं घाटदार भांडं, आणि त्याची स्वतःची, त्याच मापाची, उंच पितळी तिवई! काचेपलीकडे पाहिलं होतं, हुबेहूब तसं! वास्तुशांतीला कुणीतरी आहेर केलेलं, अजून कोरं, तळाला दुकानाचं गोल लेबलसुद्धा तसंच. मी पाणी ओतून बघितलं. एक थेंब गळला नाही. (मी काही अगदीच बेसावध माणूस नाही.) घरातली पूजा सुलभा आणि माई बघतात, मी आरतीच्या वेळेला टाळ्या वाजवायला येतो. त्यामुळे असं भांडं घरात आणखी कशाला लागतं हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

संध्याकाळी साडेसहाला अविनाश-सुनीता आले. मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं, माईंना माझ्या शेजारी. मधोमध तिवई, तिच्यावर तांब्याचं भांडं, आणि खाली ज्योत हवी म्हणून तीन निरांजनं. गॅसवर वितळवलेलं चीज-वाइनचं मिश्रण मी कढईतून त्यात ओतलं. पिवळंधमक, गुळगुळीत, वर बुडबुडे! अविनाशच्या भुवया वर गेल्या. खरं सांगतो, त्या भुवयांसाठी मी आठवडाभर झिजलो होतो.

सुलभा पावाचे तुकडे घेऊन आतून आली आणि दारातच थबकली.

“अहो, हे भांडं...”

“नंतर!” मी म्हणालो.

“अहो, पण ते...”

“सुलभा, गरम आहे तोवर खाऊ दे सगळ्यांना!”

अविनाशने विणायच्या सुईला पावाचा तुकडा टोचला, चीजमध्ये बुडवला, तोंडात घातला. आणि डोळे मिटले! माझ्या घरात! माझ्या टेबलाशी! मी श्वास रोखून त्याच्या सुस्काऱ्याची वाट बघत होतो.

टप्.

मधलं निरांजन चुर्र करून विझलं.

टप्. टप्.

तळाच्या लेबलाचा डिंक गरम चीजने सुटला होता. लेबल अलगद खाली आलं, आणि त्यामागून, अगदी मधोमध, एका लयीत, थेंब-थेंब चीज पडायला लागलं. मी सुलभाकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते, पण चवीने नव्हे.

माईंनी मात्र हात जोडले. तांब्याचं पात्र, तिवई, निरांजनं, श्रावण आणि वरून पडणारे संथ थेंब. त्यांना सगळं स्वच्छ दिसलं होतं. “ॐ नमः शिवाय,” त्या पुटपुटल्या, आणि उजवा तळहात खोलगट करून त्यांनी तो थेट थेंबांखाली धरला.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो? माई, ते तीर्थ नाही, वाइन आहे? श्रावणात? मी तोंड मिटलं.

थेंब खाली येईपर्यंत कोमट होत होते. माईंनी तीर्थ घेतलं. रीतीप्रमाणे ओला हात डोक्यावरून फिरवला. पांढऱ्याशुभ्र केसांतून चीजची एक तार कानापर्यंत गेली.

“आज तीर्थ घट्ट आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, “पंचामृत असेल. आंबट आहे, पण बरं लागतं. शरदराव, आणखी जरा द्या.”

सुनीताने पदर तोंडात कोंबला. तोवर थेंबांची धार झाली होती. उरलेली दोन निरांजनं बुडाली, चीज टेबलक्लॉथवरून घरंगळत कडेला आलं आणि तारा काढत जमिनीकडे निघालं. मी भांडं उचलायला गेलो, हात भाजला, भांडं परत तिवईवर आपटलं आणि धार दुप्पट झाली!

“बोट लावा! भोकाला बोट लावा!” सुनीता ओरडली.

“भाजतंय!”

“भोक आहे?” अविनाश वाकून खाली बघत म्हणाला. “ह्याला भोक कसं काय?”

“अभिषेकपात्र आहे ते,” सुलभा शांतपणे म्हणाली. “त्याला भोक असतंच. लोक ते भोकासाठीच घेतात.”

शेवटी सुलभानेच खाली पातेलं ठेवलं. सगळं चीज पातेल्यात उतरेपर्यंत आम्ही चौघं नुसते बघत बसलो. माईंनी मध्येच आणखी एकदा तीर्थ घेतलं. मग अविनाश सावकाश माझ्याकडे वळला.

“शरदराव, खरं सांगा. तुम्ही तिथे फाँद्यू खाल्लं होतंत?”

अजूनही वेळ गेलेली नव्हती. अजूनही मी खरं सांगू शकत होतो.

“तिथेही गळायचं,” मी म्हणालो. “डोंगराळ भागातली पद्धत आहे ती. वरच्या गावांत गळतंच.”

“कुठे, त्या बर्फाच्या डोंगरावर?” माईंनी विचारलं. दोन वेळच्या तीर्थाने त्यांचा चेहरा टवटवीत झाला होता आणि ऐकूही बरं यायला लागलेलं दिसत होतं. “तिथून तर तुम्ही मला फोन केला होतात. पिठलं-भात खातोय म्हणालात. वर ठेचा आहे म्हणालात. आणि नऊ दिवस घरचंच जेवण आहे, बाहेरच्या एका घासाला शिवलो नाही, असंही म्हणालात. तीनदा सांगितलंत! मला किती बरं वाटलं होतं!”

मी हसण्याची वाट बघत होतो. अविनाश आता हसणार, मग हे बाणेरला सांगणार, मग प्रत्येक लग्नात आणि मुंजीत सांगणार, आणि मी मरेपर्यंत माझं नाव ‘गळके शरदराव’ राहणार.

अविनाश हसला नाही.

“पिठलं?” त्याने विचारलं.

मी मान हलवली.

“गरम?”

“वाफा येत होत्या.”

“आणि ठेचा...” त्याचा आवाज जरा बदलला. “कांदा होता?”

“फोडलेला,” मी म्हणालो. “बुक्कीने.”

त्याने डोळे मिटले.

सुनीताला राहवलं नाही. “भाऊजी, आता सांगतेच. आठव्या दिवसानंतर ह्यांना पाव नुसता बघवत नव्हता. व्हिएन्नाला एक भारतीय हॉटेल आहे असं कळलं म्हणून भर उन्हात तासभर चाललो. बंद होतं. हे दहा मिनिटं त्या शटरला हात लावून उभे होते. मला म्हणाले, आतून जिऱ्याचा वास येतोय.”

“येत होता,” अविनाश डोळे न उघडता म्हणाला.

मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की तीस वर्षांत पहिल्यांदा अविनाश माझ्यावर जळत होता! खुर्ची पुढे ओढून मी सुरुवात केली. पिठल्यावर तुपाची धार घातली (तूप नव्हतं). पापड तळले (पापड नव्हते). आचाऱ्याला आग्रह करायला लावला, “काका, आणखी एक डाव,” म्हणून. (आचारी दुसऱ्यांदा मागणाऱ्याकडे बघतसुद्धा नसे.) अविनाश ऐकत होता आणि गिळत होता.

सुलभा उठून आत गेली. वीस मिनिटांत पिठलं-भात टेबलावर आला. पातेल्यातल्या चीजला कुणी विचारलंही नाही. अविनाशने चार वेळा पिठलं घेतलं, चारही वेळा डोळे मिटून. मी एक घास खाल्ला, सुस्कारा सोडला आणि अत्यंत समाधानाने म्हणालो, “बरं झालंय. पण डोंगरावरची ती चव नाही.”

“मग उद्यापासून जेवायला डोंगरावर जात जा,” सुलभा म्हणाली आणि माझ्यासमोरचं पिठल्याचं पातेलं उचलून अविनाशपुढे ठेवलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत ऐटीने सांगितली असती. पण अविनाश गप्प बसणारा नव्हे. ह्या मे महिन्यात तो आमच्याच कंपनीच्या त्याच टूरला गेला. नऊ दिवस, दोन आचारी, सगळं तेच. परवा दुपारी त्याचा फोटो आला. मागे बर्फाचा डोंगर, पुढे अविनाश, हातात ताट. ताटात पिठलं, भात, ठेचा, फोडलेला कांदा. मी फोटो मोठा करून बघितला. कांद्याच्या बाजूला काहीतरी केशरी होतं. आणखी मोठा केला.

जिलबी!

नऊ दिवसांत आम्हाला एकदाही जिलबी दिली नव्हती. एकदाही नाही! त्याच कंपनीने! त्याच डोंगरावर!

“काय बघताय एवढं डोळे फाडून?” सुलभाने विचारलं.

“बर्फ,” मी म्हणालो.

आणि मग माझ्या बोटांनी, मला न विचारता, अविनाशला उत्तर पाठवलं : ‘मस्त! एकच दिली का? आमच्या वेळी दोन-दोन वाढायचे. तिथल्या आचाऱ्याने मला कृतीसुद्धा शिकवली.’

लगेच त्याचं उत्तर आलं. ‘वा! मग आल्यावर रविवारी करा ना आमच्यासाठी.’

तर येत्या रविवारी आमच्याकडे जिलबी आहे. मोबाइल म्हणतो, जिलबी पाडायला तळाला बारीक भोक असलेलं भांडं लागतं. म्हणजे एवढ्या पुण्यात ह्या बाबतीत माझ्याइतकी तयारी कुणाचीच नसेल. फक्त सुलभाने माळ्याची शिडी लपवून ठेवली आहे, ती तेवढी सापडायला हवी.